कुणाच्या हातचा सिनेमा

२००८ सालच्या सुरुवातीला सिडनीत एका अवाढव्य चित्रपटाची तयारी बरीच पुढे गेली होती. पैसा वॉर्नर ब्रदर्सचा, कथेतले महानायक अमेरिकी कॉमिक्समधले आणि दिग्दर्शक जॉर्ज मिलर. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने आदल्याच वर्षी देशातल्या निर्मात्यांसाठी एक नवी कर-सवलत आणली होती. तिच्यानुसार चित्रपट पुरेसा ‘ऑस्ट्रेलियन’ ठरला, तर देशात झालेल्या पात्र खर्चापैकी ४० टक्के रक्कम निर्मात्याला परत मिळणार होती. मिलर यांच्या या चित्रपटाला ती नाकारली गेली, कारण तो पुरेसा ऑस्ट्रेलियन नाही असे ठरले. हॉलिवूडमधल्या पटकथालेखकांचा संप आणि इतर अडचणीही होत्या, पण हा नकार वर्मी बसला आणि तो चित्रपट कधीच झाला नाही.

निर्णय घेणाऱ्यांना या प्रकरणात हसण्यावारी नेणे सोपे आहे. मला ते करायचे नाही, कारण त्यांच्या जागी बसलेल्या कोणालाही हाच प्रश्न पडला असता की करदात्यांचा पैसा बॅटमॅनवर का म्हणून खर्च करायचा. प्रश्न रास्त आहे, पण तो ज्या कसोटीवर सोडवला गेला ती कसोटी मला चुकीची वाटते. चित्रपट कोणत्या देशाचा हे ठरवताना आपण आधी गोष्ट पाहतो. माणसे कुठली, भूमी कुठली, भाषा कुठली, अशी विचारपूस करतो. माझे म्हणणे असे की सार्वजनिक पैसा देताना प्रथम पाहायला हवे ते चित्रपट कोणाच्या हातचा आहे हे, आणि ते हात पुढच्या चित्रपटापर्यंत एकत्र राहतील अशी एखादी संस्था त्यामागे उभी आहे की नाही हे. या मुद्द्यासाठी मिलर यांच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीइतका बोलका दाखला दुसरा सापडणे कठीण आहे, आणि तो सगळाच माझ्या बाजूचा नाही, म्हणूनच तपासण्यासारखा आहे.

मिलर यांचा जन्म १९४५ सालचा, क्वीन्सलंड राज्यातला. वडील ग्रीसच्या किथिरा बेटावरून आलेले; मिलिओटिस हे मूळ आडनाव इकडे आल्यावर मिलर झाले. चिंचिला नावाच्या आडगावी बालपण गेले आणि पुढे जुळ्या भावाबरोबर त्यांनी सिडनीत वैद्यकीय शिक्षण घेतले. विद्यार्थिदशेच्या अखेरीस धाकट्या भावाबरोबर केलेल्या अगदी छोट्या फिल्मला बक्षीस मिळाले. त्या बक्षिसातून मेलबर्नच्या एका चित्रपट-कार्यशाळेत जाता आले आणि तिथे बायरन केनेडी भेटला. सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काम करताना अपघातग्रस्त तरुणांची शरीरे मिलर रोज पाहत होते. मोटारीच्या वेगाचे वेड आणि त्याची शारीरिक किंमत हा पुढच्या चित्रपटांचा विषय त्यांना अपघात विभागातच सापडला, असे म्हणायला हरकत नाही.

त्या काळच्या ऑस्ट्रेलियन चित्रपटाची स्थिती लक्षात घेतल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट समजला जातो तो केली या दरोडेखोरांच्या टोळीवरचा मूकपट १९०६ साली मेलबर्नमध्येच झाला होता. पण पुढे वितरण आणि चित्रपटगृहे यांवर अमेरिकी व ब्रिटिश कंपन्यांची पकड बसली आणि १९६०च्या दशकात तर देशी कथापट जवळजवळ बंदच पडले. रेमंड लाँगफर्ड हे मूकपटांच्या काळातले तिथले अव्वल दिग्दर्शक, पण त्यांच्यावर आयुष्याच्या उत्तरार्धात सिडनीच्या गोदीत रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून काम करण्याची वेळ आली. गुण होते, कीर्ती होती, तरी कारकीर्द टिकली नाही, कारण तिला धरून ठेवणारे काही भोवती उरले नव्हते. १९७०नंतर मात्र पंतप्रधान गॉर्टन आणि मग व्हिटलॅम यांच्या काळात सरकारने चित्रपट विकास महामंडळ काढले, प्रायोगिक फिल्मसाठी निधी दिला आणि १९७३मध्ये राष्ट्रीय चित्रपट विद्यालय सुरू केले. त्यातून नव्या लाटेचे जे चित्रपट आले त्यांतले बरेचसे देखणे, संथ, जुन्या काळात रमणारे होते. लेसच्या झालरी, उन्हात न्हालेली कुरणे, साहित्यातून घेतलेली कथा. सरकारला अभिमानाने परदेशी महोत्सवात पाठवता येईल असा हा ऐवज होता.

मिलर यांचा पहिला चित्रपट ‘मॅड मॅक्स’ त्यात बसणारा नव्हता. मिलर आणि केनेडी यांनी सरकारी दार ठोठावण्यापेक्षा ओळखीपाळखीच्या लोकांकडून थोडा थोडा पैसा जमवला. स्वतःची भर घालण्यासाठी दोघांनी सुमारे तीन महिने एक जोडधंदा केला. रात्री-अपरात्री रुग्णांचे तातडीचे बोलावणे आले की केनेडी गाडी चालवायचा आणि मिलर उतरून रुग्ण तपासायचे. साडेतीन ते चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांत चित्रपट करायचा होता. सुरुवातीच्या पाठलागात एक निळी व्हॅन चिरडली जाते, ती मिलर यांची स्वतःची होती. चित्रीकरणाच्या पहिल्याच आठवड्यात नायिका मोटरसायकलच्या अपघातात जायबंदी झाली आणि तिच्या जागी दुसरी घ्यावी लागली. चित्रीकरण संपल्यावर संकलनाला पैसे उरले नाहीत, तेव्हा केनेडीच्या इंजिनियर वडिलांनी संकलनाचे यंत्र घरीच जुळवून दिले. मिलर एका सदनिकेच्या स्वयंपाकघरात चित्र कापत बसत आणि पलीकडच्या खोलीत केनेडी ध्वनी जुळवत असे. हे काम वर्षभर चालले. त्या वर्षभरात मिलर रोज स्वतःच्या चुका पडद्यावर पाहत होते आणि आपल्याला चित्रपट करता येत नाही, असे त्यांना वाटू लागले होते.

१९७९मध्ये चित्रपट लागला आणि जगभर मिळून सुमारे १० कोटी अमेरिकी डॉलरांचा धंदा करून गेला. खर्चाच्या तुलनेत सर्वाधिक नफ्याचा गिनेस विक्रम वीसेक वर्षे त्याच्याच नावावर होता. अमेरिकेत दाखवताना संवाद अमेरिकी उच्चारांत पुन्हा ध्वनिमुद्रित केले गेले, इतका तो तिथल्या कानाला परका होता. आणि मायदेशात त्यावर सर्वांत जळजळीत टीका कोणी केली? फिलिप अ‍ॅडम्स यांनी, म्हणजे देशी चित्रपटासाठी सरकारने पैसा द्यावा म्हणून गॉर्टन यांचे मन वळवणाऱ्या मंडळींतल्या एका प्रमुख माणसाने. जो उद्योग उभा राहावा म्हणून ते झटले, त्यातूनच हे हिंस्र, भरधाव, असंस्कृत पोर जन्मले आणि त्यांना ते आपले वाटेना.

इथेच माझ्या म्हणण्यावरचा पहिला आक्षेप उभा राहतो. हा माणूस तर सरकारी मदतीशिवाय पुढे आला; मग सार्वजनिक पैशाची भलामण त्याच्या नावाने कशाला? उत्तर अर्धे मान्य करून द्यावे लागेल. पहिला चित्रपट जिद्दीवर होतो, हे खरेच आहे. पण तोही पोकळीत झाला नव्हता. १९७०च्या दशकात चित्रपट सुरू झाले नसते, तर कॅमेरा, ध्वनी, धाडसी प्रसंग यांत हात बसलेली माणसे त्यांना मेलबर्नमध्ये कुठून मिळाली असती? शिवाय एक चित्रपट म्हणजे कारकीर्द नव्हे. लाँगफर्ड यांचे उदाहरण नेमके तेच सांगते.

कारकीर्द घडली ती केनेडी मिलर या निर्मितीसंस्थेमुळे. दिग्दर्शकाने स्वतः निर्माता असणे याचा अर्थ आपण बहुधा ‘पैसेही त्याचेच’ एवढाच घेतो. मिलर यांच्याबाबतीत त्याचा अर्थ होता जागा, वेळ आणि माणसे यांवरचा ताबा. १९८०च्या दशकात या संस्थेने सिडनीच्या किंग्ज क्रॉस भागातले मेट्रो हे जुने नाट्यगृह घेतले आणि एकाच छताखाली लेखन, तालीम, चित्रीकरणाची आखणी, संकलन असे सारे चालू केले. मराठी वाचकाला ‘प्रभात’ची आठवण यावी अशीच ही घडण होती. जुलै १९८३मध्ये केनेडी वयाच्या ३३व्या वर्षी हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला. मिलर यांनी संस्थेचे नाव मात्र बदलले नाही. पुढे डग मिचेल यांचे नाव जोडले गेले तेव्हाही केनेडी हे नाव आधीच राहिले.

या काळात संस्थेने दूरचित्रवाणीसाठी केलेले काम महाराष्ट्रात फारसे कोणाला ठाऊक नाही. १९८३ची ‘द डिसमिसल’ ही मालिका व्हिटलॅम सरकारच्या १९७५मधल्या बडतर्फीवर होती, म्हणजे जखम ओली असतानाच तिला हात घालणारी. वर्षभराने आलेली ‘बॉडीलाइन’ १९३२-३३च्या क्रिकेट मालिकेवर बेतली होती. (त्यातला खलनायक, इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन मुंबईत, मलबार हिलवर जन्मलेला, त्याचे मुंबईकरपण आपण कधी मिरवले नाही, हे सुज्ञपणाचेच म्हणायचे.) या मालिकांसाठी दिग्दर्शक, लेखक आणि नट एकत्र बसून आठवडेच्या आठवडे कार्यशाळा करीत आणि एका मालिकेचे भाग निरनिराळे दिग्दर्शक वाटून घेत. फिलिप नॉइस या चमूतले. त्यांचा ‘डेड काम’ १९८९मध्ये याच संस्थेने काढला आणि निकोल किडमन जगापुढे आली. नाट्यदिग्दर्शक जॉर्ज ओगिल्वी कार्यशाळा घेता घेता तिसऱ्या ‘मॅड मॅक्स’चे सहदिग्दर्शक झाले. इथे मिलर दिग्दर्शक म्हणून कमी आणि निर्माता म्हणून जास्त दिसतात, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हाच सर्वांत कमी वाखाणलेला आणि सर्वांत मोलाचा भाग आहे.

या विषयांत ऑस्ट्रेलियन मातीचा वास होता, हे उघड आहे. पण पुढे काय झाले पाहा. १९९५चा ‘बेब’ एका इंग्रज लेखकाच्या बालकादंबरीवर आधारलेला. न्यू साउथ वेल्समधल्या रॉबर्टसन गावाच्या परिसरात चित्रीकरण झाले, पण पडद्यावरचे गाव कुठले ते मुद्दामच कळू दिलेले नाही. डुकराची पिल्ले भराभर वाढतात म्हणून एका ‘बेब’साठी जवळपास पन्नास पिल्ले आळीपाळीने उभी करावी लागली. दिग्दर्शन ख्रिस नूनन यांचे, निर्मिती आणि पटकथेतला वाटा मिलर यांचा. दोघांत पुढे श्रेयावरून जाहीर खटका उडाला हेही लिहिले पाहिजे, कारण निर्माता स्वतः मोठा दिग्दर्शक असला की दुसऱ्या दिग्दर्शकाला मोकळा श्वास मिळेलच याची हमी नसते. चित्रपटाला ऑस्करची सात नामांकने मिळाली, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही होते. २००६च्या ‘हॅपी फीट’मध्ये तर नाचणारे पेंग्विन अंटार्क्टिकातले आणि उच्चार अमेरिकी, पण ते चालते-नाचते झाले सिडनीतल्या अ‍ॅनिमल लॉजिक या स्टुडिओत. त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. गोष्टीवरून राष्ट्रीयत्व ठरवायचे, तर हे दोन्ही चित्रपट निर्वासितच म्हणायचे. पण त्यांच्यामुळे सिडनीत दृश्य-परिणाम आणि अ‍ॅनिमेशन करणाऱ्यांची एक पिढी शिकून तयार झाली, आणि ही शिकवणी कोणत्याही कुरणांच्या चित्रपटाने दिली नसती.

चौथ्या ‘मॅड मॅक्स’ची, म्हणजे ‘फ्यूरी रोड’ची कहाणी हाच मुद्दा टोकाला नेते. २००१च्या सुमारास चित्रीकरण ठरत आले होते, तोवर ११ सप्टेंबरचे हल्ले झाले, डॉलरचे दर फिरले आणि सारे बारगळले. पुन्हा तयारी झाली ती ब्रोकन हिलला, जिथे १९८१मध्ये दुसरा ‘मॅड मॅक्स’ चित्रित झाला होता. तेव्हा कधी नव्हे असा पाऊस पडला. लाल वाळवंट हिरवेगार झाले, त्यावर रानफुले आली, आणि जगाचा अंत झाल्याचा देखावा तिथे शक्य राहिला नाही. मग दीडशेच्या आसपास बनवून ठेवलेल्या गाड्या जहाजावर चढवून नामिबियाच्या वाळवंटात नेल्या आणि २०१२मध्ये चित्रीकरण झाले. प्रमुख नट इंग्लंडचा, नटी दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली, पैसा अमेरिकी, वाळू आफ्रिकेची. चित्रपट कुठला?

उत्तर नामावलीत सापडते. धाडसी प्रसंगांची सारी व्यवस्था गाय नॉरिस यांच्याकडे होती. हे नॉरिस १९८१मध्ये, एकवीस वर्षांचे असताना, दुसऱ्या ‘मॅड मॅक्स’मध्ये मोटरसायकलवरून उडून हवेत कोलांट्या खात गेले आणि पाय मोडून घेतला होता. तो प्रसंग चित्रपटात तसाच आहे. तीस वर्षांनी शेकडो माणसांना धावत्या गाड्यांवरून उड्या मारायला लावताना कोणाचे हाड मोडू नये याची जबाबदारी त्याच माणसाकडे असावी, यात एका चित्रपटसंस्कृतीची सगळी स्मृती साठलेली आहे. छायाचित्रकार जॉन सील या कामासाठी निवृत्तीतून परत आले. मिलर यांच्या पत्नी मार्गारेट सिक्सेल यांनी याआधी मारधाडीचा चित्रपट कधीच संकलित केला नव्हता. ४८० तासांच्या आसपास चित्रीकरणातून त्यांनी सुमारे २,७०० तुकड्यांचा दोन तासांचा चित्रपट काढला, आणि तो इतका भरधाव असूनही कोणती गाडी कुठे आहे याबद्दल प्रेक्षकाचा गोंधळ होत नाही. दहा नामांकने, सहा ऑस्कर, आणि ते सारे संकलन, वेशभूषा, कलादिग्दर्शन, रंगभूषा, ध्वनी अशा हाताच्या कामांसाठी. घेणाऱ्यांत बहुतेक जण ऑस्ट्रेलियातले. दिग्दर्शनाचा पुरस्कार मिलर यांना मिळाला नाही, आणि मला वाटते, या चित्रपटाचे वर्णन त्याहून नेमके कोणी केले नसते.

आता दुसरा आणि अधिक वजनदार आक्षेप. हात पाहूनच पैसा द्यायचा ठरले, तर हॉलिवूड स्टुडिओ ऑस्ट्रेलियन तंत्रज्ञ भाड्याने घेतील, करदात्यांकडून सवलत उकळतील आणि नफा घेऊन जातील. ही भीती काल्पनिक नाही. बाहेरून येणाऱ्या चित्रपटांसाठी तिथे वेगळी सवलत आहे. ती पूर्वी १६.५ टक्के होती, आता ३० टक्के झाली आहे. अशा चित्रपटांनी काम मिळते, पण तंत्रज्ञ वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या आराखड्यावर मजुरी करीत राहतात. १९८१च्या कर-सवलतीचा अनुभव तर आणखी कडू आहे. गुंतवलेल्या पैशावर १५० टक्के वजावट मिळू लागताच डॉक्टर-वकिलांनी कर वाचवायला चित्रपटात पैसे ओतले, कोणी पाहिले नाहीत असे कितीतरी चित्रपट झाले, आणि सरकारला सवलत टप्प्याटप्प्याने छाटावी लागली.

म्हणूनच नुसते हात मोजून भागणार नाही. हात कोणाच्या निर्णयाने चालतात, हे पाहायला हवे. चित्रपटाची कल्पना कोणत्या संस्थेत निघाली, पटकथा कुठे घडली, संकलनाच्या टेबलावर शेवटचा शब्द कोणाचा, हक्कांत वाटा कोणाचा, आणि चित्रपट संपल्यावर तीच संस्था पुढच्या कामाला लागते की कुलूप लावते, हे प्रश्न पटकथेत कांगारू आहे का, या प्रश्नापेक्षा तपासायला अवघड आहेत. पण करारपत्रे वाचून त्यांची उत्तरे मिळतात. २००८चा अर्ज या कसोटीवर उतरला असता का? बहुधा पूर्ण नाही; अंतिम हक्क वॉर्नरचेच राहिले असते. पण त्याला ४० टक्के किंवा शून्य असा निवाडा मिळण्याऐवजी मधला काही हिस्सा देता आला असता, आणि नकार द्यायचाच होता तर तो योग्य कारणासाठी दिला गेला असता.

मधल्या वाटेचे स्वरूपही मला असेच दिसते. स्थानिक संस्थेतून निघालेल्या आणि तिच्याच ताब्यात राहिलेल्या चित्रपटाला मोठी सवलत, ताबा जसजसा बाहेर जाईल तसतशी कमी. आज ४० आणि ३० यांत दहाच टक्क्यांचे अंतर उरले आहे, आणि एवढ्याशा फरकासाठी कोणता निर्माता स्वतःची संस्था सांभाळण्याची डोकेदुखी घेईल? गोष्टीचा निकष मी मुळीच उडवून लावत नाही. मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून नेण्याचा इतिहास फिलिप नॉइस यांनी हॉलिवूडहून परत येऊन २००२मध्ये पडद्यावर आणला, तो दुसऱ्या कोणत्या देशाने पडद्यावर आणला असता? अशा चित्रपटांना बाजाराच्या भरवशावर सोडता येत नाही. त्यांना कर-सवलतीच्या खटाटोपात न अडकवता थेट अनुदान द्यावे, आणि तिथे विषयच पाहावा. दोन वेगळ्या गरजा एकाच परीक्षेत घातल्यामुळे दोन्हींवर अन्याय होतो.

मिलर यांच्या अपयशांकडेही याच नजरेने पाहावे लागते. ‘हॅपी फीट’च्या दुसऱ्या भागासाठी त्यांनी सिडनीत स्वतःचा डिजिटल स्टुडिओ उभारला, शेकडो कलावंत घेतले. २०११मध्ये चित्रपट अपेक्षेप्रमाणे चालला नाही आणि स्टुडिओ बंद पडला. ‘मॅड मॅक्स’ मालिकेतल्याच २०२४च्या ‘फ्युरिओसा’ने तर न्यू साउथ वेल्समध्ये परतून, सरकारी पाठबळ घेऊन, ऑस्ट्रेलियन नट आणि तंत्रज्ञांसह चित्रीकरण केले, तरीही तिकीटबारीवर तो आपल्या खर्चाच्या मानाने फारच कमी पडला. सरकारी पैसा वाया गेला, अशी ओरड झाली. पण तिकीटबारी हा गुंतवणूकदाराचा निकष आहे. सरकारने विचारायचे ते हे की त्या चित्रपटावर पहिल्यांदा जबाबदारीची कामे केलेली माणसे आज कुठे आहेत. सिडनीत पुढचे काम करीत आहेत की विमान पकडून लंडनला गेली आहेत. या प्रश्नाचा हिशेब ठेवायला एखादा कारकून आणि एक नोंदवही पुरे. पंचविशीतल्या गाय नॉरिसचे नाव तिशीत, चाळिशीत, पन्नाशीत कोणत्या कामापुढे लिहिले गेले, एवढेच तिच्यात पाहायचे.